वाटीभर वरण

घरून, ८ जून

अहो,

जयभीम. बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, पण जयभीमला जयभीम म्हणावंच लागतं, ही तुमचीच शिकवण. तेव्हा मनातल्या मनात तरी म्हणा.

तुम्ही अपघातानंतर लगेच फोन घरी ठेवून धर्मापुरीला आक्कांकडे, बहिणीच्या घरी निघून गेलात, म्हणून हे कागद-पेन. पोस्टात पाकीट मागितलं तर पोस्टमन म्हणाला, "कावून आशाताई, कुणाला नोटीस धाडायची का?" म्हटलं, नवऱ्याला धाडायची आहे. तो हसला. गावात माझ्याशी हसून बोलणारी माणसं आता मोजकीच उरलीत, त्यामुळे मला तेवढंही पुरलं.

तुमचा फोन मी रोज चार्ज करते. अधूनमधून वाजतोही. गाडी मिळेल का, पेशंट हाय, असं कुणीतरी विचारतं. तुम्ही आता आरोग्य केंद्राच्या गाडीवर नाही, हे सगळ्यांपर्यंत अजून पोचलेलं नाही. तो वाजला की तुमचे हात गार पडायचे, छाती धडधडायची, घरात असलात तरी कान त्याच्याकडेच. मी सहा वर्षं ते बघितलं आणि वर म्हणायचे, "एवढं काय घाबरायचं, फोनच आहे." आता तो वाजला की भाकरी तव्यावर टाकून मीच धावते.

चैताली बारावीच्या क्लासला जायला लागली. तुमच्याबद्दल विचारत नाही, पण तुमचा टॉवेल दोरीवरून काढू देत नाही.

गावातलं सांगते, कारण आक्का सांगणार नाहीत. रोहिणीचं बाळ तीन महिन्यांचं झालं. लसीला आणलं होतं, चांगलं गुटगुटीत आहे. तुमच्या गाडीत, रस्त्याच्या कडेला, माझ्या हातावर जन्मलं म्हणून रोहिणी मला अजून मान देते. तिच्या सासूचा, छबुबाईंचा, त्या रात्री मोडलेला खुबा काही नीट बसलेला नाही. त्या वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. आणि अर्जुनराव चौकात अजून तेच म्हणतात, "ड्रायव्हर पिऊन होता." पोलिसांनी तपासून थेंबभर निघाली नाही, तरी म्हणतात. ज्याच्या बायकोचं हाड मोडलं त्याचं तोंड कोण धरणार.

तुम्ही जाताना जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "माझ्या डोक्याचा मला भरवसा न्हाई राहिला. ज्याला बसल्या जागी झोप लागती, त्यानं सायकलला बी हात लावू नये." चौदा वर्षं गाडी चालवलीत, कुणाच्या कोंबडीलाही धक्का नाही, आणि एका रात्रीवरून तुम्ही स्वतःला मोडीत काढलंत.

त्या दिवशी तुम्ही दमला होतात, दुसरं काही नाही. दमलेल्या माणसाला डुलकी लागते. परत या. गाडी नको असेल तर नको, दुसरं काही करू.

ज्योत्स्ना


घरून, २१ जून

अहो,

काल मुक्ताआक्कांचा फोन आला होता. तुम्ही अंबाजोगाईला डॉक्टरांकडे जाऊन आलात म्हणे, आपणहून. मला आधी आनंदच झाला. मागच्या दिवाळीत तुम्हाला बीडच्या डॉक्टरांकडे न्यायला मला काय काय करावं लागलं होतं. शेवटी माझी कंबर दुखते असं सांगून नेलं आणि दारावरची पाटी वाचून तुम्ही तसेच उभे राहिलात. "ज्योत्स्ना, मी येडा हाय का बे?" बायकोला बे म्हणालात, त्यावरून कळलं की गडी किती घाबरलाय.

पण आक्का पुढचं बोलल्या. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की, चांगली झोप होत असताना, अंगात ताप नसताना, गाडी चालवताना अचानक डोळे मिटले. डॉक्टरांनी विचारलं, त्या दिवशी काही गोळी, काही औषध? तुम्ही म्हणालात, आयुष्यात झोपेची गोळी तोंडात घेतली नाही. मग ते म्हणाले, अचानक झोप येण्याचा एक आजार असतो, त्याची तपासणी करावी लागेल. रात्रभर तारा लावून झोपवतात. चोवीस जुलैची तारीख दिली आहे आणि घरच्या माणसाला सोबत आणायला सांगितलंय. आजार निघाला तर दिवसा जागं ठेवणारी गोळी, बहुतेक जन्मभर. आणि गाडीचं नाव काढायचं नाही.

आक्का म्हणाल्या, "जीवन म्हन्तो, बरं झालं, नाव तरी कळलं. आता तो देवळाच्या सावलीला बसून ऱ्हातो दिवसभर. पूजेला न्हाई जात, निस्ता बसतो. रात्री बी जागाच. झोपायचं भ्याव वाटतं म्हन्तो."

अहो, तुम्हाला तो आजार नाही. मी आशाताई आहे, डॉक्टर नाही, पण हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला आठवतंय का बघा. त्या दिवशी दुपारी तुम्ही शिंकत होतात, म्हणून मी तुम्हाला सर्दीची गोळी दिली होती. सर्दीच्या गोळीनं गुंगी येते. माझ्याच पेटीतली होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा घाईत माझ्या ध्यानातून गेलं. हे डॉक्टरांना सांगा म्हणजे ती तारांची तपासणी टळेल, आणि तुम्हालाही कळेल की तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही.

बीडच्या डॉक्टरांनी घबराटीवर दिलेल्या गोळ्या तुम्ही घेतल्या नाहीत, तरी विहारात आनापान शिकून तुमचं तुम्ही सुधारलात. पाच महिने छान झोपलात. ज्याला श्वासावर लक्ष ठेवून झोप आणता येते, त्याला असा आजार कसा असेल? पत्र मिळाल्याबरोबर डॉक्टरांना सांगा.

ज्योत्स्ना


घरून, २ जुलै

जीवनराव,

नाव घेऊन लिहिते आहे, कारण आज नवऱ्याला लिहायची हिंमत होत नाही.

आक्का सांगत होत्या की तुम्ही माझं पत्र दोनदा वाचलंत, घडी घातलीत आणि एवढंच म्हणालात, "मला सर्दी झालीच न्हवती." डॉक्टरांना जे झालं नाही ते सांगणार नाही, असंही म्हणालात.

नव्हतीच झाली. ते पत्र खोटं होतं. त्याच्या आधीचंही खोटंच होतं. आता खरं लिहिते. हे पत्र आक्कांना वाचून दाखवू नका, आधी एकटे वाचा. फोनवर सांगता आलं असतं, पण आक्कांच्या फोनवर आक्का ऐकणार, आणि हे पहिल्यांदा तुम्हीच ऐकायला हवं.

तुम्ही झोपेची गोळी कधी घेतली नाहीत, हे खरं. मी तुम्हाला ती दिली. पाच महिने. वरणातून.

बीडच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. एक रोजची, घबराटीची. ती लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात, धीर धरा, असं ते म्हणाले होते. दुसरी झोपेची, क्लोनॅझेपाम, अर्धी, फक्त सुरुवातीचे पंधरा दिवस. ती घेतल्यावर गाडी चालवायची नाही, हे त्यांनी तुम्हाला नाही, मला सांगितलं होतं, कारण तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात. बाहेर आल्यावर तुम्ही तो कागद माझ्या हातात कोंबलात. "ठेकेदाराला कळलं की हा डोक्याच्या गोळ्या खातो, तर दुसऱ्या दिवशी स्टेअरिंग काढून घेतील. अन् मी येडा न्हाई." तुमचं पहिलं म्हणणं खरं होतं, म्हणून मी दुसऱ्यावर वाद घातला नाही.

पण तुम्ही झोपत नव्हता. रात्री उठून गाडीची किल्ली खिळ्याला आहे का बघायचात, परत पडायचात, परत उठायचात. जेवणावरची वासना गेली. एकदा चैतालीनं मागून हाक मारली तर तुमच्या हातातला तांब्या पडला. मी काय करायला हवं होतं? तुम्हाला परत घेऊन जायला हवं होतं, भांडायला हवं होतं, चैतालीला मध्ये घालायला हवं होतं. मी सोपं काम केलं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. क्षयाची गोळी पेशंटनं माझ्यासमोर गिळायची. भिवराबाईनं गालात धरून ठेवली तर मी तोंड उघडायला लावून जिभेखाली बघते. सगळ्या गावाला मी गोळ्या गिळायला लावते, बायाबापड्यांना रक्तवाढीच्या, पोरांना जंताच्या, आणि माझ्याच घरात माझा नवरा ऐकत नाही. मला त्याचा राग होता. काळजी होतीच, पण राग जास्त होता, हे आज कबूल करते. मला वाटलं, गोळी पोटात गेली म्हणजे झालं, ती कशी गेली याला काय महत्त्व.

ताटावर बसलात की आधी वाटीभर वरण पिऊन घ्यायची तुमची सवय. दोन चमच्यांत दाबली की गोळीचं पीठ होतं. चव लागत नाही, मी आधी स्वतः जिभेला लावून बघितलं होतं. चैतालीनं एकदा विचारलं, "आई, पप्पांचं वरण येगळं कावून काढती?" मी म्हटलं, त्यांना अळणी लागतं.

घबराटीची गोळी पहिले पंधरा दिवस दिली. काही फरक दिसेना, म्हणून बंद केली. झोपेचीनं मात्र पहिल्याच रात्री तुम्ही गाढ झोपलात, म्हणून ती चालू ठेवली. जी बरं करणार होती ती टाकली आणि जी पंधरा दिवसांनी थांबवायची होती ती पाच महिने ओढली. पंधरा दिवसांची संपल्यावर तोच जुना कागद मेडिकलवर दाखवत राहिले. आशाताई म्हणून मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अर्धीनं भागेना तेव्हा पाऊण केली, मार्चमध्ये पूर्ण.

मी फार हुशारीनं वागत होते असं मला वाटायचं. तुमचा दिवसपाळीचा आठवडा असेल तेव्हाच द्यायची, रातपाळीच्या आठवड्यात नाही. संध्याकाळी साडेसातला जेवण, सकाळी आठला ड्युटी, मध्ये बारा तास. रातपाळीच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा अस्वस्थ व्हायचात, आधीपेक्षा जास्त. मी म्हणायचे, बघा, गोळी नसली की असं होतं. गोळी मध्येच तोडल्यामुळेच तसं होत होतं, हे मला कळलं नाही.

आणि त्याच दिवसांत तुम्ही विहारात आनापान शिकायला लागलात. झोप यायला लागली ती त्यानंच, असं तुम्ही धरून चाललात. किती खूश होतात. अजिनाथला ड्युटीवर शिकवायचात, "येणारा श्वास बघ, जाणारा श्वास बघ, बाकी कायी करू नको." तो दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर, त्यालाही झोप यायची नाही, तुमच्यामुळे तोही नीट झोपायला लागला. एकदा तुम्ही मला म्हणालात, "बघ, माझं मी केलं. गोळीबिळी कायी लागली न्हाई." त्या वेळी मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं.

किती झोप श्वासाची आणि किती गोळीची, हे आता मलाही सांगता येणार नाही. ते मी कालवून टाकलं. तुमचं आनापान खोटं होतं असं मात्र समजू नका. अजिनाथला कोण वरणातून देत होतं?

आता अकरा मार्च. दिवसपाळीचा आठवडा. साडेसातला जेवलात, पूर्ण गोळी पोटात गेली. पावणेनऊला फोन वाजला. अजिनाथ तापानं फणफणला होता आणि अर्जुनरावांच्या रोहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, बाळ पायाळू, केंद्रातल्या बाईंनी बीडला न्या सांगितलेलं. तुम्ही शर्ट चढवला. मी म्हटलं, "तुमी जाऊ नका." तुम्ही म्हणालात, "तुझीच पेशंट हाय ना गं? मंग तू बी चल की."

तेव्हा मी सांगू शकत होते. एक वाक्य होतं. जाऊ नका, मी तुम्हाला गोळी दिली आहे. एवढंच. अर्जुनरावांची स्वतःची जीप दारात होती. तिचा ड्रायव्हर दिंद्रुडला गेला होता, पण फोन केला असता तर तासाभरात आला असता. मी हे सगळं त्या क्षणी मनात मोजलं आणि गप्प बसले, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे जसं बघितलं असतं ते मला नको होतं. तुमच्या आणि रोहिणीच्या जिवापेक्षा मला तुमची नजर जड वाटली. याला दुसरं नाव नाही.

मी मागे रोहिणीजवळ बसले. छबुबाई पुढे तुमच्या शेजारी. मधल्या खिडकीतून मी तुमच्याशी बोलत राहिले, आठवतंय? चैतालीची फी, पत्र्यावरचं माकड, काहीबाही. छबुबाई वैतागल्या, "ही बाई गप बसंल का, गाडी चालवू दे त्याला." मी तुम्हाला जागं ठेवत होते. मांजरसुंबा दिसायला लागला, ढाब्यांचे दिवे लागलेले. मला वाटलं, निघालो यातून. तेवढ्यात रोहिणी ओरडली, पाणी गेलं, मी तिच्याकडे वळले. दोन मिनिटं मी बोलले नाही. गाडी कडेच्या लिंबाच्या झाडावर गेली तेव्हा माझं तोंड रोहिणीकडे होतं.

ढाब्यावरची माणसं पळत आली. तुम्ही छबुबाईंना ओढून बाहेर काढत होतात आणि एकच म्हणत होतात, "मला झोप कशी लागली? मला झोप कशी लागली?" मी आत रोहिणीजवळ होते, बाळाचे पाय दिसायला लागले होते. मला उत्तर ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तुमचा जबाब घेतला, "दोष माझा हाय," असं तुम्ही लिहून दिलंत, तेव्हाही मी शेजारच्याच बाकावर होते.

तुम्हाला कुठलाही आजार नाही. तुमचं डोकं ठिकाणावर आहे. गाडी तुमच्या हातून गेली, पण डोळे तुमचे मी मिटवले होते. आणि आक्कांकडे गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस तुमचे हात थरथरत होते, घाम सुटत होता, तुम्हाला वाटलं वेड लागतंय. ते गोळी अचानक तुटल्यामुळे असणार. ही गोळी हळूहळू कमी करत सोडायची असते. तेव्हाही मी गप्प होते.

सोबत जुना कागद आणि गोळीची रिकामी पट्टी जोडली आहे. कधीपासून, किती, मागच्या पानावर लिहिलं आहे. डॉक्टरांना दाखवा. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.

ज्योत्स्ना


घरून, ९ जुलै

जीवनराव,

तुमचं उत्तर आलेलं नाही. त्याची वाट न बघता दोन कामं केली, ती कळवते. तुमच्या कानावर गावाकडून वाकडीतिकडी यायच्या आधी सरळ जावीत म्हणून.

परवा छबुबाईंकडे गेले. अर्जुनराव रानात होते, ते बरं झालं की वाईट, कळत नाही. छबुबाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या, बाळ मांडीवर. रोहिणी आत होती. मी उभ्यानंच सांगितलं. त्या बाळाच्या टाळूवरचं तेल बोटानं जिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं, अन् तू बी त्याच गाडीत बसलीस?"

मी हो म्हटलं.

"मंजी मरायला तू बी बसलीस. कसली बया हायस." आणि पुढे, "मी त्या मानसाला लई शिव्या दिल्या. दवाखान्यात सगळ्यांदेखत. त्यानं मला दोन हातावर उचलून बाहीर काढलं आन् मी त्याच्या तोंडावर थुकले. ते आता कसं माघारी घ्यावं, सांग."

मी त्यांचा वॉकर त्यांच्या हाताशी सरकवला. निघताना त्या म्हणाल्या, "माझ्या सुनंला नको सांगू इतक्यात. दूध आटंल तिचं. मालकाला मी सांगते." रात्री अर्जुनरावांच्या घरातून मोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी ते चौकात आलेच नाहीत. पिऊन होता असं म्हणणारा माणूस, तसं नव्हतं म्हणायला मात्र चौकात येत नाही. पण येतील. छबुबाई सोडणार नाहीत त्यांना.

दुसरं काम, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना लेखी दिलं. तुमच्या जबाबाला माझा जबाब जोडा, पोलिसांकडेही पाठवा, असं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आशाताई, तुम्हीसुद्धा?" चौकशी होईपर्यंत माझं काम थांबवलं आहे. पेटी आणि रजिस्टर दुसऱ्या आशाताईकडे, सुनीताकडे दिलं. भिवराबाईला आता ती गोळी देते. भिवराबाई तिला म्हणाली म्हणे, "ती ज्योत्स्ना तोंडात बॅटरी घालून बघायची, तू तेवढं नको करू."

चैतालीला मीच सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेते. मी काही म्हणत नाही.

ज्योत्स्ना


धर्मापुरी, १४ जुलै

ज्योत्स्ना,

जयभीम.

तुजी दोन्ही पत्रं मिळाली. मला लिहायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घे.

मोठं पत्र मी देवळात बसून वाचलं. वाचून झाल्यावर मी लई वेळ हातच बघत बसलो. हे हात माझे हायत, एवढंच डोक्यात येत होतं. मंग मला रडू आलं. तू गोळी दिली म्हणून न्हाई. मला रोग न्हाई म्हणून. चार महिने मी स्वतःला मारेकरी समजत होतो. रोज डोळ्यापुढं त्या छबुबाईंचा पाय यायचा.

त्या रात्री आक्काच्या अंगणात झोपलो. सकाळी कोंबड्यानं उठवलं. तीन तास असंल, चार तास असंल, पण लागली. वरण न पिता लागली.

डॉक्टरला तुजा कागद दाखवला. तो म्हन्ला, तपासणी नको, पण घबराट खरी हाय, तिला औषध लागंल. रोजची गोळी सुरू केली. चार आठवडे धीर धर म्हन्ला. मी माझ्या हातानं घेतो. आक्का समोर बसती, मीच बसवलं तिला. चोवीस तारखेला घरच्या मानसाला घेऊन या म्हन्ला. तुला काय काय बघितलं ते इचारायचंय त्याला.

आता तुजं. तू मला बरं करायला गेली हे मला कळतं. मला इचारलं न्हाईस हे बी कळतं. दोन्ही कळतं अन् दोन्हीचा राग येतो. तू खिडकीतून माकडाची गोष्ट सांगत होती ती मला आठवती. मी तवा हसलो होतो.

अजिनाथ येऊन गेला. त्याला म्हणलं, आनापान चालू ठेव.

पहिल्या पत्रात घरी यायचं इचारलंस. गाडी मी परत चालवीन असं वाटतं, डॉक्टर म्हन्ला तर. पण ज्योत्स्ना, तुज्या हातचं आता माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. ताटावर बसलो की मी आधी वरणाकडं बघणार, मंग तुज्याकडं. तसं जेवन रोज कसं करावं, तूच सांग. मी तुला शिक्षा करत न्हाई. मला जमायचं न्हाई, एवढंच.

चैतालीला फोनवर बोलंन. माझा फोन तिच्याकडं दे.

जीवन


घरून, १८ जुलै

जीवनराव,

जयभीम.

तुमचं पत्र चैतालीनं आधी वाचलं. मग माझ्या पुढ्यात ठेवून गेली. तुमचा फोन तिच्याकडे दिला. दुपारी वाजला. "पप्पा," म्हणाली आणि मागल्या दारी निघून गेली. खूप वेळ बोलत होती. मी ऐकायला गेले नाही.

तुम्ही लिहिलंत, शिक्षा करत नाही. तुम्ही शिक्षा केली असती तर मला भांडता आलं असतं. भांडणात मी कच्ची नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मीसुद्धा आता कुणाला काही वाढताना आधी त्याच्या तोंडाकडे बघते, त्याला माहीत आहे का म्हणून.

तुम्हाला तीन-चार तास झोप लागली, तेवढ्यावर मी आज जेवले.

चोवीस तारखेला मी येते. सकाळची एसटी मांजरसुंब्यावरून धरून साडेदहापर्यंत अंबाजोगाईला पोचेन. दवाखान्याच्या दारात उभी राहीन, तुम्ही आधी आत जा. डॉक्टर जे विचारतील ते सगळं तुमच्यासमोर सांगेन, काही राखणार नाही. सांगून झालं की परतीची एसटी धरेन. तुम्हाला माझ्याशी बोलायला लागणार नाही.

दुपार होईल. तुम्ही आक्कांकडून जेवून या. मी डबा आणत नाही.

ज्योत्स्ना